हवा ठीक

२ ऑक्टोबर, दसरा.
ऑफिसात शस्त्रपूजा. कीबोर्डला हळदकुंकू, मॉनिटरला झेंडूचा हार. हार मोठा निघाला, अर्धा स्क्रीन झाकला. ऋतुजाला उरलेल्या अर्ध्यावर काम करायला सांगितलं. (ऋतुजा म्हणजे माझ्याकडची एकमेव इंजिनियर. किनवटची. हुशार आहे, पण संशयी.)

संकल्प केले. रोज ही रोजनिशी लिहिणे. पहाटे उठणे, हे उद्यापासून, कारण आजची पहाट होऊन गेली होती. आणि सर्वात मोठा: पुढच्या महिन्यात लातूरच्या एका कॉलेजात माझं भाषण आहे, त्याची तयारी. विषय 'सी भाषेतल्या मेमरीच्या चुका आणि त्या कशा पकडाव्यात'. पुण्याहून कोणी यायचा होता, तो नाही म्हणाला, तेव्हा त्यांना माझी किंमत कळली. नांदेडमध्ये बसून एवढं खोल सी लिहिणारा माझ्याशिवाय कोणी असेल असं मला वाटत नाही. विचारलं मात्र कोणाला नाही.

४ ऑक्टोबर.
पहाटे उठलो नाही. ढगाळ होतं.

ऋतुजा म्हणाली, आपला प्रोग्राम बांधताना कंपायलर दोनशेच्या वर वॉर्निंग देतो, एकदा बसून बघूया का. मी तिला समजावलं की वॉर्निंग म्हणजे एरर नव्हे. एसटीत 'शरीराचा भाग बाहेर काढू नये' असं लिहिलेलं असतं म्हणून गाडी थांबते का? ती म्हणाली, गाडी थांबत नाही सर, हात जातो.

उद्धट नाही ती. पण लगेच बोलते. मी एक स्विच टाकला, त्याने वॉर्निंग दिसायच्याच बंद होतात. आता शून्य. भाषणात हे वाक्य घ्यायचं: माझ्या कोडला शून्य वॉर्निंग.

७ ऑक्टोबर.
अर्धापूरहून दाजींचा फोन. बॉक्स पुन्हा अडकला.

हा बॉक्स म्हणजे माझ्या आयुष्याचं काम आहे, म्हणून नीट लिहून ठेवतो. अक्काचं (माझी थोरली बहीण, शिवकांता) आणि दाजींचं अर्धापूरला केळी पिकवायचं चेंबर आहे. खोलीभर क्रेट, दार हवाबंद, आत गारवा. केळी पिकताना श्वास घेतात आणि आपल्यासारखीच खराब हवा सोडतात. ती साठली की आत गेलेला माणूस चक्कर येऊन पडतो, आणि वेळेत कोणी ओढून काढला नाही तर उठत नाही. म्हणून खराब हवा ठरलेल्या हद्दीवर गेली की मोठा पंखा लावून ती बाहेर फेकायची. हे माझा बॉक्स आपोआप करतो. दाराच्या वर लाल अक्षरांची पाटी आहे. वरच्या ओळीत मालकाचं नाव, खालच्या ओळीत 'हवा ठीक' किंवा 'आत जाऊ नका'. प्रोग्राम संपूर्ण सीमध्ये, संपूर्ण माझा.

तर बॉक्स अडकतो. ऋतुजाचं म्हणणं, आपण मेमरी मागतो आणि परत करत नाही, ती गळत गळत संपते. मी उपाय केला, तो बॉक्सच्या बाकीच्या तिन्ही गिऱ्हाइकांनाही पाठवला. बॉक्स रोज सकाळी आपण होऊन बंद पडेल आणि पुन्हा सुरू होईल. माणूससुद्धा रोज झोपून उठतो, त्याला कोणी गळती म्हणत नाही.

प्रश्न मिटला.

११ ऑक्टोबर.
ऋतुजाने सॅनिटायझर लावला. हा हात धुवायचा नव्हे. प्रोग्राममध्ये जागोजाग पहारेकरी बसवतो. दिलेल्या जागेच्या बाहेर कोणी पाऊल टाकलं की तिथंच धरतो, लाल अक्षरात ओरडतो आणि प्रोग्राम बंद पाडतो. प्रोग्राम हळूही चालतो. आज काही सापडलं नाही, फक्त ती गळती. मला आनंद झाला. तिला झाला नाही.

म्हणाली, सर, मालकाचं नाव आपण न मोजता उचलून ठेवतो. जागा बत्तीसची. मोठं नाव आलं तर?

मी म्हणालो, मोठ्या नावाची माणसं अजून आपल्याकडे आलेली नाहीत. मी स्वतः पाच मिनिटं हसलो. ती म्हणाली, मग मोजून ठेवायची एक ओळ तरी टाकू का. मी म्हणालो, दिवाळीनंतर. चालत्या गाडीला खीळ कशाला.

१४ ऑक्टोबर.
भाषणाचा पहिला भाग लिहिला. उत्तम उतरला आहे. उतारा:

'मित्रहो, मेमरी ही मंगल कार्यालयातल्या पंगतीसारखी असते. चाळीस पाटांची पंगत आणि साठ माणसं बसवली, तर वीस जण शेजारच्या लग्नात जाऊन जेवतात. शेजारच्या नवरदेवाला पत्ता नसतो की आपल्या पंगतीत हे कोण. म्हणून मित्रहो, आधी मोजा, मग वाढा.'

वाचून दाखवलं. ऋतुजा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. भारावली असावी.

१७ ऑक्टोबर.
उदगीर, देगलूर आणि अहमदपूर, तिन्ही गिऱ्हाइकांकडून दिवाळीच्या शुभेच्छा आल्या नाहीत. मीच पाठवल्या. बॉक्स कसा चाललाय विचारलं. उदगीरचे बसवंत शेठ म्हणाले, बोर्ड लई झकास दिसून राहिला. समाधानी गिऱ्हाईक कमी बोलतं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज.
अर्धापूर. अक्काने ओवाळलं. दरवर्षी साडी देतो आणि दरवर्षी रंग चुकतो. यंदा ओवाळणीत असं काही दिलं की ते दुकानात मिळत नाही.

दाजींचे वडील गेल्या साली लिंगैक्य झाले. तेव्हापासून गावात दाजींना सगळे विरूपाक्षअप्पा म्हणतात. घरातला कर्ता माणूस आता तेच. पण पाटीवर अजून नुसतंच 'विरूपाक्ष'. अक्का एकदा बोलता बोलता म्हणाली होती की पोरासोरासारखं दिसतं ते. मी लक्षात ठेवलं. आज लॅपटॉप लावला, नाव बदललं, आणि सगळ्यांना बाहेर बोलावून पाटी दाखवली. विरूपाक्षअप्पा. लाल, ठसठशीत.

दाजी म्हणाले, कामून उगं, जुनं काय वाईट व्हतं. पण मान वर करून बघत उभे राहिले. अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, मामंजी आसते तर त्येंनी बी बघितलं आसतं. मला भरून आलं. एवढं समाधान मला सीने क्वचित दिलं आहे.

नाव किती मोठं होतंय तेही मी मोजलं, कारण ऋतुजाचं डोक्यात होतं. वि, रू, पा, क्ष, अ, प्पा. सहा अक्षरं. जागा बत्तीसची. सहा माणसांना बत्तीस पाट. आधी मोजा, मग वाढा.

२४ ऑक्टोबर.
कल्पना: हाच मान बाकीच्या तिघांना. बसवंतअप्पा, उमाशंकरअप्पा वगैरे. नव्या नावांचे पेनड्राइव्ह एसटीच्या पार्सलने रवाना. ऋतुजा किनवटला गेली आहे दिवाळीला, नाहीतर म्हणाली असती आधी तपासू. नाव बदललं, प्रोग्राम नाही. यात तपासायचं काय.

२७ ऑक्टोबर, सोमवार.
दाजींचा फोन. पंखा तीन-चार दिवसांत फिरलाच नाही, गपच हाय. पाटीवर काय आहे विचारलं. म्हणाले, हवा ठीक. मग झालं तर! पंखा फिरत नाही याचा अर्थ हवा खराब होत नाही. नाव बदलताना मी बॉक्स पुन्हा बसवला, तेव्हा काहीतरी आणखी नेमकं झालं असणार. चांगल्या हाताने असं होतं. विजेचं बिल उतरेल असंही सांगितलं. दाजी म्हणाले, हाव, ते तर उतरंल.

अक्काने फोन घेतला. ती सोमवारी चेंबरला निरांजन ओवाळते, तिची लक्ष्मी आहे ती. म्हणाली, आज दार उघडून दोन पावलं आत गेले आन् निरांजन इझलं. वारा न्हाई काय न्हाई. मी म्हणालो, तेल भेसळीचं असेल. म्हणाली, आसंल बाबा, घाण्याचंच आणलंय पण.

दिवाळीत तेलात फार भेसळ होते.

३१ ऑक्टोबर.
पहाटे उठलो! साडेसात वाजता.

भाषणाचा दुसरा भाग. 'मित्रहो, मेमरीची चूक लगेच ओरडत नाही. ती गप्प बसते. सगळं ठीक चाललंय असं दाखवते. तुम्ही खूश होता. तेव्हाच घाबरा.' वाक्य चांगलं आहे, पण उगाच भीती घालणारं वाटतं. 'तेव्हाच घाबरा' खोडून 'तेव्हा सावध राहा' केलं.

३ नोव्हेंबर, सोमवार.
अर्धापूरला गेलो. चेंबरचं एक मांजर होतं, उंदरांसाठी पाळलेलं. काल क्रेट आत लावताना ते मागोमाग आत गेलं आणि दार लागलं. आज सापडलं. कुठे मार नाही, रक्त नाही, झोपल्यासारखं क्रेटच्या खाली. बजरंगने (क्रेट लावणारा, दाजींकडे वर्षानुवर्षं आहे) पोत्यात घालून नेलं. जाताना म्हणाला, साहेब, आत गेलं की डोकं लई जड होऊन राहिलं माझं, हल्ली.

मी त्याला मोबाईल किती बघतो ते विचारलं. बघतो म्हणाला. मग काय.

मांजर म्हातारं होतं. अक्का म्हणाली, दोन वर्साचं होतं रे. मांजरांचं वय लवकर होतं.

पाटी बघून आलो. हवा ठीक. पाटीखाली दोन मिनिटं उभा राहिलो. नाव फार छान दिसतं.

४ नोव्हेंबर.
आज सकाळपासून ते मांजर आठवतंय. कारण नाही.

६ नोव्हेंबर.
दाजींचा फोन, आवाज चढलेला. माल बिघडला. वरून हिरवी आणि आतून मऊ, वर आंबूस वास. नांदेडच्या व्यापाऱ्याने परत पाठवली. मी म्हणालो, यंदा पाऊस लांबला. दाजी म्हणाले, पाऊस माझ्या येकट्याच्या खोलीत लांबला का? आणि मग सांगितलं की त्यांनी हातानेच पंखा लावला. भिंतीवर जुनं बटण आहे, माझ्या बॉक्सच्या आधीचं. ते दाबलं, दिवसभर पंखा फिरवला, आणि बजरंगचं डोकं उतरलं.

मला वाईट वाटलं. मी एवढा आपोआप चालणारा बॉक्स करून दिला आणि घरातलाच माणूस मागच्या दाराने बटण दाबतो. यंत्राला शिस्त लागते. मध्येच हाताने पंखा लावला तर माझे सगळे आकडे बिघडतात, आणि मला ते भाषणात दाखवायचे आहेत.

८ नोव्हेंबर.
अर्धापूर. शांतपणे समजावलं. मानवी चूक ही सर्वात मोठी चूक असते, असं सांगितलं. दाजी ऐकेनात. बटण राहू दे म्हणाले, त्येला काय खायाला लागतंय का. तेव्हा अक्का मध्ये पडली. म्हणाली, त्यो शिकलेला हाय. शिवूनं (म्हणजे मी) केलंय म्हंजे बराबरच आसंल. माझा भाऊ मला खोटं यंत्र दील का?

दाजी मळ्यात निघून गेले. मी वायर सोडवून बटण काढलं आणि पिशवीत टाकलं. भिंतीवर चौकोनी भोक राहिलं आहे, अक्काने त्यावर कॅलेंडर लावलं.

थोरल्या बहिणीची माया वेगळीच. रिक्षात बसेपर्यंत ती दारात उभी होती.

१० नोव्हेंबर.
ऋतुजाचा आता रोज एकच विषय. नवं नाव टाकल्यावर सॅनिटायझर फिरवला का. म्हणाली, निरांजन विझलं, मांजर मेलं, माल आतून सडला, आणि पंखा एकदाही फिरला नाही. सर, हे चार वेगळे नाहीत. मी म्हणालो, चार गोष्टी एकत्र आल्या की त्याला योगायोग म्हणतात, म्हणून तो शब्द आहे. तिने विचारलं, मी एकटी अर्धापूरला जाऊन बघू का. मी म्हणालो, भाषणाच्या स्लाइड कोण करणार? भाषण झालं की पहिलं काम हेच. शब्द दिला.

तिचा सॅनिटायझर ऑफिसच्या मशीनवरून काढून टाकला. कामात मन लागत नाही तिचं त्यामुळे.

१२ नोव्हेंबर.
अक्काचा फोन. चेंबर नव्या मालाने गच्च भरलं काल. शनिवारी मठात कार्यक्रम आहे, तिला पहिल्या पिकलेल्या फण्या तिकडे न्यायच्या आहेत. माझं भाषण पण शनिवारीच आहे म्हटल्यावर म्हणाली, मग तुझ्या नावानं बी दोन फण्या ठिवते देवापुढं. बजरंग आत जायला कां कूं करतोय, असंही म्हणाली. म्हणतो, मला न्हाई जायचं त्यात.

लोकांना काम नको असतं.

१४ नोव्हेंबर.
लातूर. कॉलेजच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरलो आहे. ऋतुजा बाजूच्या मुलींच्या हॉस्टेलवर. उद्याचा बेत: भाषणाच्या शेवटी माझाच प्रोग्राम पडद्यावर चालवायचा. अर्धापूरला आहे तसाच, दाजींच्या नावासकट. मुलांना दिसलं पाहिजे की नांदेडचा माणूस काय करतो. आणि मग, सगळ्यांसमोर, ऋतुजाने तिचा लाडका सॅनिटायझर लावायचा. काही निघणार नाही. तिचंही तोंड कायमचं बंद.

तिला सांगितलं तेव्हा म्हणाली, सर, आत्ताच लावून बघू. मी म्हणालो, मजा जाईल.

 

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी.
नवा शर्ट. मित्रहो, आधी मोजा, मग वाढा. पाठ आहे.

१५ नोव्हेंबर. गाडीत, लातूर-नांदेड रस्ता.
गाडी हादरतेय म्हणून अक्षर असं. ऋतुजा पुढे ड्रायव्हरशेजारी बसली आहे, फोनवर आहे.

भाषण चांगलं चाललं होतं. पंगतीच्या उदाहरणाला टाळ्या पडल्या. मग प्रोग्राम. ऋतुजाने सॅनिटायझर लावून चालवला आणि तो एक क्षणही चालला नाही. पडदाभर लाल. पहिल्याच ओळीत, नाव ठेवायच्या जागेच्या बाहेर लिहिलं गेलं.

एका मुलाने विचारलं, सर, नाव तर सहाच अक्षरांचं आहे ना?  ऋतुजाने माईक घेतला. म्हणाली, मशीन अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. मराठीतला एकेक कानामात्रा वेगळा, जोडाक्षरातला पाय मोडलेला वेगळा, आणि प्रत्येकाला तीन तीन बाइट. 'विरूपाक्ष' बत्तीसमध्ये जेमतेम बसत होतं. 'अप्पा' बसत नाही. ते शेजारच्या जागेत सांडलं. मग तिने पडद्यावर बोट ठेवलं, शेजारी काय होतं ते दाखवायला.

शेजारी हद्द होती. हवा किती खराब झाली की पंखा लावायचा, तो आकडा. त्या आकड्यावर 'अप्पा' जाऊन बसला आणि हद्द एवढी प्रचंड झाली की जगातली कुठलीच हवा तिथपर्यंत पोचणार नाही. म्हणून पंखा नाही. म्हणून 'हवा ठीक'. कायम ठीक.

मुलं हसली. मीही हसलो, सवयीने. ऋतुजा हसत नव्हती. माईक तसाच हातात धरून तिने मला विचारलं, सर, आज चेंबर भरलेलं आहे का?

आज शनिवार. मठ. फण्या.

अक्काचा फोन वाजत राहिला. दाजींचा वाजत राहिला. मी स्टेजवर उभा राहून फोन लावत होतो आणि समोर दोनशे मुलं बसली होती. माझ्या मागे पडद्यावर दाजींचं नाव होतं.

आता अहमदपूर गेलं. अजून कोणी उचलत नाही.

१६ नोव्हेंबर. नांदेड, दवाखाना.
अक्का जिवंत आहे. ऑक्सिजन लावला आहे. अजून बोलली नाही.

बजरंगने सांगितलं ते असं. तो आत जायला तयार नव्हता. अक्का त्याला हसली. म्हणाली, वर लिवलंय की हवा ठीक म्हून, वाचायला येतं न्हवं तुला? टोपली घेऊन स्वतः आत गेली. टोपली पडल्याचा आवाज आला. त्याने हाका मारल्या. मग गमछा तोंडाला बांधून, श्वास कोंडून तो आत गेला आणि तिला पायाला धरून ओढत बाहेर आणली. पंखा लावायला म्हणून भिंतीकडे धावला तर तिथे कॅलेंडर.

हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.  दाजी खुर्चीवर बसून आहेत, कपाळावरची विभूती घामाने पुसून गेली आहे.

डॉक्टरांना मी सांगायला गेलो की तांत्रिकदृष्ट्या ही चूक नावाच्या लांबीमुळे झाली. ते म्हणाले, बाहेर थांबा.

मला भीती वाटते आहे. एवढंच खरं आहे, बाकी काय लिहू.

१७ नोव्हेंबर.
दुपारी अक्काने डोळे उघडले. जीभ जड आहे, शब्द सावकाश येतात. डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू, पूर्ण येईल का ते आता सांगत नाही.

मला जवळ बोलावलं. मला वाटलं आता बोलेल, आणि बोलावं असंही वाटत होतं. तिने विचारलं, भाषन चांगलं झालं का रे.

हो म्हणालो. टाळ्या पडल्या म्हणालो.

दाजी तेव्हा पहिल्यांदा उठले आणि बाहेर गेले.

१८ नोव्हेंबर.
सकाळी ऋतुजाचा फोन. अर्धापूरला जाऊन आली. बॉक्स काढला, पंख्याला साधं बटण बसवलं, माझ्याच पिशवीतलं. पिशवी ऑफिसात माझ्या टेबलावर पडली होती म्हणे. मग तिने विचारलं, सर, बाकीच्या तिघांना सांगितलं ना?

बाकीचे तिघे. बसवंतअप्पा, उमाशंकरअप्पा, तिसरे. पेनड्राइव्ह मीच पाठवले. तीन दिवस माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून फोन लावले. अहमदपूरच्यांनी लगेच उचलला. चेंबरमध्ये कोणाला जाऊ देऊ नका, आधी दारं उघडा, असं एका दमात सांगितलं. ते म्हणाले, घाबरू नगा, बॉक्सची पंख्याकडं जाणारी वायर आम्ही चैतातच काढली, पंखा हातानंच लावतो. नुसता बोर्ड चालू ठिवलाय, नाव चांगलं दिसतंय म्हून. देगलूरच्या उमाशंकर शेठनी तर बॉक्स बसवलाच नव्हता. तोंडावर कसं सांगावं म्हणून बोलले नाहीत. उदगीरचा फोन वाजत राहिला. जिन्यावर बसलो. पुन्हा लावला, पुन्हा. अखेर उचलला. बसवंत शेठ म्हणाले, पूजेत होतो, काय म्हणता? मग हसून राहिले. म्हणाले, ते तर दिवाळीच्या आधीच बंद केलं, रोज सकाळी आपोआप मरतंय अन् उठतंय, असल्या यंत्रावर कोण जीव टाकंल, सांगा तुम्ही.

तिघेही सुखरूप. आनंद व्हायला पाहिजे. झालाही. पण मग हिशेब कळला. माझ्या बॉक्सवर ज्यांनी खरोखर भरवसा ठेवला, ते घर एकच होतं.

वर येऊन अक्काला सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. इतर कुणीच वापरला नाही गं, सगळ्यांनी काढून टाकला, तूच तेवढा ठेवलास.

तिने सावकाश श्वास घेतला. ऑक्सिजनचा मास्क हाताने जरा बाजूला केला.

म्हणाली, त्येंचा तू भाऊ थोडाच हाईस.